छपराखालचं दंव

पोलादपूर,
ता. ३ जानेवारी १९३५

ती. भागोजीदादास मुरारीचा नमस्कार.

लग्न आटोपून तुम्ही मुंबईला परतलात त्याला महिना होत आला. मांडव उतरला, पाहुणे गेले, आता घरात मी, आई, नवी सून आणि मोटार. यातलं एकच दुखणाईत आहे, ते म्हणजे मोटार. तिची रड तुमच्यापुढे नाही तर कोणापुढे रडायची? हँडल मारायला मला तुम्हीच शिकवलंत.

दुखणं असं. सकाळी इंजिन चालू होतं, पण सरळ चालत नाही. दोन ठोके नीट टाकतं, तिसरा गिळतं. मागच्या नळीतून भक्क करून धूर सोडतं, सगळी गाडी अंग झटकते, की पुन्हा दोन ठोके नीट. असं महाडच्या वाटेवरचं लोहारे येईपर्यंत चालतं. इंजिन चांगलं तापलं की दुखणं कुठच्या कुठे पळतं. मग महाडपर्यंत काय, आंबेनळी चढून महाबळेश्वराला गेलो तरी एक ठोका चुकत नाही. गाडी थंडीत उघड्यावर पडते म्हणाल तर तसंही नाही. गोठ्याला लागून जाड पेंढ्याचं नवं छप्पर घातलं आहे, रात्री ती त्याखालीच असते.

आई याला उचकी म्हणते आणि आता सगळं पोलादपूर म्हणतं. कोर्टाच्या कामाला महाडला जाणारी मंडळी गाडीत बसता बसता विचारतात, "मुरारी, कोण रे आठवण काढतंय तुझ्या मोटारीची?"

इथवर मीही हसत होतो. पण ही उचकी लग्नानंतर चार-पाच दिवसांनी लागली आणि आईने ते दिवस जुळवले. परवा चुलीपाशी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "ह्या पोरीचा पाय घरात पडला नि मोटारीला उचकी लागली. आधी कधी लागली नाय." मैना तिथेच भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

आई दुष्ट नाही हे तुम्ही जाणता, तुमची आत्याच ती. मी घाट चढायला गेलो की परत येईपर्यंत ती अन्नाला शिवत नाही. मोटार कुठल्या तरी वळणावर अडेल आणि मी दरीत जाईन, ही तिची धास्ती. ती धास्तीपोटीच बोलते. पण ज्याला बोलणं लागतं त्याला त्यामागची धास्ती दिसत नाही. काही उपाय असला तर लवकर कळवा.

तुमचा,
मुरारी


मुंबई, भायखळा,
ता. ८ जानेवारी १९३५

चि. मुरारीस आशीर्वाद.

तुझी तिन्ही कार्डं एकदमच मिळाली. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं घातलंस तरी मजकूर एका कार्डात मावला नाही. पुढच्या वेळी पाकीट वापर. कार्ड पोस्टमास्तर वाचतो, शिपाई वाचतो आणि इथे आमच्या खोलीतली सगळी गाववाली मंडळी वाचतात. काल जेवताना पांडूला ठसका लागला तर सगळे मिळून म्हणाले, मुरारीची मोटार आली.

आम्ही गॅरेजवाले याला मिस मारणं म्हणतो. थंड इंजिन मिस मारतं तेव्हा पेट्रोलात रॉकेल असतं, नाहीतर प्लग काजळलेले असतात, किंवा व्हॉल्व्ह आखडलेला असतो, नाहीतर करंट प्लगला पोचायच्या आधी वाटेतच गळतो. यातलं तुझ्याकडे काय आहे ते भायखळ्यात बसून मला कळायचं नाही. पेट्रोल फडक्यातून गाळून भर. प्लग काढून घासून लाव. मग लाकडी मुठीचा पेचकस घे. इंजिन उचकत असताना तो एकेका प्लगच्या डोक्याला टेकवून दुसरीकडून इंजिनाच्या लोखंडाला लाव. म्हणजे त्या प्लगचा करंट मरतो. प्लग धडधाकट असेल तर इंजिन आणखी लंगडं होईल. काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला. मूठ लाकडाची आहे ना ते आधी बघ, नाहीतर असा झटका बसेल की आत्याचे सगळे देव तुला एका दमात आठवतील.

आणि एकदा दुपारी गाडी पुरती गार होऊ दे, मग चालू कर. तेव्हा उचकते का ते लिही.

राहिला पायगुण. मी आजवर पुष्कळ मोटारी उघडल्या. आत उंदराचं घरटं सापडलं, एकदा एका शेटची कवळी सापडली. कोणाचा पाय काही सापडला नाही. हे वाक्य आत्याला वाचून दाखवू नकोस. मैनाला मात्र दाखव.

भागोजी


पोलादपूर,
ता. १३ जानेवारी १९३५

ती. भागोजीदादास नमस्कार.

सांगितलंत ते सगळं केलं. पेट्रोल गाळलं, प्लग घासले. उचकी कायम, उलट दिवसेंदिवस वाढतेच आहे. पेचकस लावून पाहिला. मूठ लाकडाची होती पण मला फुटकीच मिळाली, तेव्हा देव आठवले. पहिला आणि चौथा प्लग कधीच मरत नाहीत. एके दिवशी दुसरा मेलेला असतो, एके दिवशी तिसरा आणि काल दोन्ही. दुपारी गाडी गार करून चालू केली तर चारही जिवंत. आता बोला.

एक सांगायचं राहिलं. सकाळी बॉनेट ओलसर असतं, उघडलं तर आतही थोडी ओल दिसते. थंडीचे दिवस, दंव पडतं. मी वरून पुसून घेतो.

घरातलं आता मोटारीपेक्षा बिघडत चाललं आहे. शुक्रवारी गाडी बाजारातच उचकत उभी राहिली आणि एक म्हातारी उतरून म्हणाली, "मी चालत जाते रे बाबा, नव्या नवरीची मोटार हाय." ते आईच्या कानावर आलं. उद्या संक्रांत, पहिला सण, म्हणून मैनाला घ्यायला तिचे वडील येसाजीमामा बिरवाडीहून आले होते. ती आज गेली. आईने तिची ओटी भरली, सगळं रीतीप्रमाणे केलं आणि शेवटी येसाजीमामांना म्हणाली, "मोटार बरी झाली की मूळ धाडीन." सुनेला परत आणायला माणूस धाडायचा तो मोटारीच्या तब्येतीवर धाडायचा, हे मी तरी कधी ऐकलं नव्हतं. येसाजीमामा गरीब माणूस, त्यांनी मान हलवली.

मैना निघाली ती गोठ्याच्या बाजूने गेली आणि मोटारीकडे बघून घेतलं.

दादा, दोन दिवस तुम्हीच या.

मुरारी


मुंबई, भायखळा,
ता. १८ जानेवारी १९३५

चि. मुरारीस आशीर्वाद.

मला यायला जमणार नाही. आमचा मालक शिमग्याशिवाय सुट्टी देत नाही, आणि शिमग्यालाही अशी देतो की जणू स्वतःची बोटं कापून देतोय.

व्हॉल्व्ह असता तर एकच प्लग रोज मेला असता. रॉकेल असतं तर चौघांनीही मिळून तोंड वाकडं केलं असतं. मधलेच दोघे मरतात, तेही आळीपाळीने, आणि दुपारी थंड होऊनही जिवंत असतात. म्हणजे थंडी हा चोर नाही. सकाळची ओल हा चोर. प्लगांना जाणाऱ्या वायरी जुन्या आहेत. मी चालवत होतो तेव्हाच त्यांचं रबर कडक झालं होतं. ओल बसली की करंट गळतो, इंजिनाच्या उबेने ओल सुकली की गळायचा थांबतो. रात्री बॉनेटवर दोन गोणपाटं घालत जा आणि काय होतं ते कळव.

मैनाच्या जाण्याबद्दल वाचून वाईट वाटलं. आत्याला माझा नमस्कार सांग, आणखी काही सांगू नकोस. रागात लिहिलेलं मला पुढे निस्तरता येत नाही.

भागोजी


पोलादपूर,
ता. २९ जानेवारी १९३५

ती. भागोजीदादास नमस्कार.

तुमचं पत्र आलं, पण गोणपाटं घालायची वेळच आली नाही. मैना बिरवाडीला गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोटार एकदाही उचकलेली नाही. पहिल्या हँडलला चालू होते आणि दाराशीच शिवणाच्या यंत्रासारखी चालते. थंडी तीच आहे, वायरी त्याच आहेत, छप्परही तेच.

पहिल्या दिवशी मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी आई ओट्यावर येऊन उभी राहिली, मोटारीचा आवाज ऐकला आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "ऐकलंस?" त्यानंतर आनंद कसला. रोज सकाळी ती ओट्यावर येते, ऐकते आणि आत जाते. गावात आता कोणी चेष्टा करत नाही. गप्प बसतात, ते जास्त वाईट.

मूळ धाडायचं नावही ती काढत नाही. काल म्हणाली, "पोर गुणाची हाय, माझं काय वैर हाय तिच्याशी? पण तिचा पाय नि मोटार एका घरात नांदायची नाय. तू घाटात जातोस रे." येसाजीमामांना तसं कळवायचं तिच्या मनात आहे. शिमग्यापर्यंत थांब म्हणून मी हातापाया पडून थांबवलं आहे.

दादा, खोटं कशाला लिहू. मलाही आता वाटायला लागलं आहे. डोळ्यांनी दिसतं ते नाही कसं म्हणायचं? रोज महाडला जाताना बिरवाडीचा फाटा लागतो. मोटार तिथून सुरळीत जाते आणि तिच्या सुरळीत चालण्याचा मला राग येतो. महिनाभराच्या संसारात आम्ही दोघं धड चार वाक्यं एकमेकांशी बोललो असू. तरी घर ओकंओकं वाटतं. मोटारीची उचकी गेली ती मलाच लागली आहे.

तुम्ही म्हणाल ते करीन. पण आता पायगुणाची थट्टा करू नका.

मुरारी


मुंबई, भायखळा,
ता. २ फेब्रुवारी १९३५

चि. मुरारीस आशीर्वाद.

थट्टा करत नाही. तुझ्या पत्राने माझं अर्धं काम झालं. आत्याला सांग, भागोजीने शपथ घातली आहे, त्याचं पत्र येईपर्यंत बिरवाडीला काही कळवायचं नाही. वायरींना हात लावू नकोस. बाकी मला विचारू नकोस.

भागोजी


मुंबई, भायखळा,
ता. २ फेब्रुवारी १९३५

चि. सौ. मैनास आशीर्वाद.

मोठ्या दिराने धाकट्या भावजयीला पत्र लिहायची आपल्यात रीत नाही. म्हणून तुझ्या वडिलांना वेगळी चिठ्ठी लिहून परवानगी मागितली आहे. हे पाकीट त्यांनी फोडू नये असंही त्यात लिहिलं आहे. येसाजीमामा सरळ माणूस आहेत, फोडणार नाहीत.

तू माहेरी गेलीस आणि मोटार बरी झाली, हे तुझ्या कानावर आलंच असेल. वाईट बातमी बिरवाडीला मोटारीच्या आधी पोचते. पोलादपुरात सगळे त्यावरून तुझ्या पायांबद्दल बोलतात. मी मोटारी दुरुस्त करणारा माणूस, मला दुसरंच दिसतं. मोटारीला पाय कळत नाहीत, हात कळतात. तू घरात असताना तिला काहीतरी होत होतं आणि तू गेल्यावर ते थांबलं. म्हणजे तुझे हात रोज सकाळी काहीतरी करत होते.

आणखी एक. मुरारी मला लिहितो की सकाळी बॉनेट दंवाने ओलं असतं. मी शहाणा, तेही खरं धरलं आणि गोणपाटं घालायला सांगून बसलो. काल रात्री ध्यानात आलं की मोटार छपराखाली असते, तेही जाड पेंढ्याच्या. छपराखाली दंव कुठून पडेल?

तुला रागवायला लिहीत नाही. तू काय करत होतीस ते खरं खरं लिही. तुझ्यावर आलेलं हे बालंट मला उतरवायचं आहे आणि त्याला दुसरी वाट नाही.

भागोजी


बिरवाडी,
ता. ८ फेब्रुवारी १९३५

ती. भाऊजींना मैनाचा वाकून नमस्कार.

मी चौथीपर्यंत शिकले. अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या. बाबांनी पाकीट फोडलं नाही. ते माझ्यापुढे ठेवलं आणि शेतावर निघून गेले.

तुम्ही हात विचारलेत. आजवर सगळ्यांनी पायच पाहिले. तुमचं पत्र वाचून मला आधी रडू आलं, मग भीती वाटली.

आमच्याकडे बैल जुंपायच्या आधी माझी आई त्याच्या कपाळावर तांब्याभर पाणी सोडते आणि कुंकू लावते. विहिरीचं पहिलं पाणी, उजाडायच्या आत, कोणाशी न बोलता. त्याने गेलेलं जनावर आणि गेलेला माणूस घरी परत येतो. ज्याच्यासाठी करायचं त्याला आणि त्याच्या घरात कोणाला सांगायचं नाही. सांगितलं की जातं. तुम्ही त्या घरात राहत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. यात माझी चूक होत असेल तर देव बघून घेईल.

लग्नानंतर ते पहिल्यांदा घाटात गेले त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. दिवसभर दारात बसून होत्या. मला वाटलं, आपणही काहीतरी करावं. मला बैलाचं माहीत होतं. मोटारीचं कपाळ कुठलं ते कोणाला विचारणार? पुढच्या दोन दिव्यांच्या वर, जिथे पत्रा सपाट होतो आणि मधोमध शिवण आहे, ते मी कपाळ धरलं. रोज तिथे पाणी सोडायचे. पाणी त्या शिवणीतून आत जायचं. मला वाटायचं, ती पिते. मग कुंकवाचं बोट दिव्याखाली, दिसणार नाही असं लावायचे आणि वरचं पाणी पदराने पुसून घ्यायचे.

पुढे तिला उचकी लागली. सगळे तिला हसत होते. मी काय केलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. उचकीला पाणीच देतात ना, भाऊजी? मी रोजचं पाणी वाढवलं.

माझ्यामुळेच झालं असेल तर तसं स्पष्ट लिहा. मी सासूबाईंचे पाय धरून सगळं सांगेन. पण एकदा सांगितलं की ते जाईल. मग पाणी सोडल्याशिवाय त्यांना घाटात पाठवून मी घरात कशी बसू, ते मला कळत नाही. मला त्या घरात परत जायचं आहे. हे कोणाला म्हणता येत नाही म्हणून तुम्हाला लिहिलं.

मैना


मुंबई, भायखळा,
ता. १३ फेब्रुवारी १९३५

चि. सौ. मैनास आशीर्वाद.

स्पष्ट लिही म्हणालीस, तर स्पष्ट लिहितो. होय, तुझंच पाणी.

तू जिला शिवण म्हणतेस ती बॉनेटची बिजागरी. तिच्या बरोबर खाली मधले दोन प्लग आहेत. त्यांना करंट नेणाऱ्या वायरींवर रबराची कातडी असते, ती आता टाचेसारखी भेगाळली आहे. पाणी भेगांत शिरतं, करंट पाण्याबरोबर पळून जातो आणि प्लग पेटत नाही. इंजिन तापलं की सगळं वाळतं. तू गेलीस, पाणी थांबलं, मोटार बरी दिसू लागली. एवढंच आहे. यात पाय कुठेच नाही.

आता दोष कोणाचा ते ऐक. आषाढात आंबेनळीत पाऊस तांब्याने मोजून पडत नाही. तांब्याभर पाण्याने मान टाकणाऱ्या वायरी त्या पावसात भर वळणावर मेल्या असत्या आणि गाडीत माणसं असती. आत्याला ज्याची धास्ती आहे नेमकं तेच झालं असतं. तू ते दुखणं पौष महिन्यात, घरच्या छपराखाली दाखवून दिलंस. तू गाडी परत यावी म्हणून पाणी घालत होतीस. मला विचारशील तर पाण्याने त्याचं काम चोख केलं.

म्हणून पाणी बंद करायचं नाही, वायरी बदलायच्या. पाठवतो आहे. मुरारीला आणि आत्याला यातलं अक्षर लिहीत नाही. तुझं आहे ते तुझ्यापाशीच राहू दे. फक्त तांब्या जरा लहान घे. उचकी गेल्यावर एवढं पाणी लागत नाही.

आणि त्या घरात परत जायचं आहे हे माझ्याशिवाय आणखी एका माणसाला कधीतरी म्हण. तो रोज तुमच्या फाट्यावरून जातो.

भागोजी


मुंबई, भायखळा,
ता. १३ फेब्रुवारी १९३५

चि. मुरारीस आशीर्वाद. हे पत्र ठमाआत्याला मोठ्याने वाचून दाखव.

पांडू या आठवड्यात दासगावच्या बोटीने येतो आहे. त्याच्याजवळ नव्या वायरी दिल्या आहेत. जुन्या सगळ्या काढ आणि वाकवून बघ, भेगा दिसतील. नव्या लाव. फाटक्या ट्यूबच्या टोप्या कापून प्लगांच्या डोक्यावर बसव आणि बॉनेटच्या बिजागरीखाली ट्यूबचीच लांब पट्टी ठोकून टाक. ही पावसाळ्याची तयारी समज. गाडी मधे चार दिवस बरी वाटली म्हणून फसू नकोस. दुखणेकरीही मधून उठून बसतो.

आत्या, आता तुमच्यासाठी. या वायरी पावसात घाटातच मेल्या असत्या. गाडी वळणावर बंद पडली असती आणि तुमचा मुरारी तिच्यात असता. हे कळलं कशामुळे? हिवाळ्यात उचकी लागली म्हणून. आणि उचकी कधीपासून लागली? तुम्हीच दिवस जुळवलेत, मैना घरात आली तेव्हापासून. तुमचं म्हणणं मी खोडत नाही. तिच्या येण्यामुळेच लागली. पण जिच्या येण्याने घरावरचं संकट आधी कळतं तिच्या पायगुणाला काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा. मी तुमच्या हाताखाली वाढलो, तुमच्यापुढे शहाणपणा करत नाही.

वायरी बदलल्या की मोटारच मूळ म्हणून बिरवाडीला धाडा. तिच्यापायी पोर अडली आहे, तेव्हा तिनेच आणायला जावं.

भागोजी


पोलादपूर,
ता. २७ फेब्रुवारी १९३५

ती. भागोजीदादास नमस्कार.

वायरी लावल्या. जुन्या वाकवल्या तर कडाकड मोडल्या. तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. तिने दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग मोडकी वायर हातात घेऊन पुष्कळ वेळ बघत बसली आणि म्हणाली, "ही घाटात तुटली असती?" मी हो म्हटलं. संध्याकाळी तिने स्वतः नारळ, साखर बांधून दिली आणि म्हणाली, "जा, घेऊन ये तिला."

दुसऱ्या दिवशी महाडची फेरी संपवून मोटार फाट्यावरून बिरवाडीत नेली. निम्मं गाव बघायला जमलं. मैना पुढच्या बाकावर बसली. वाटेत ती माझ्याशी बोलली. काय बोलली ते लिहीत नाही, ते पत्रात लिहायचं नाही.

त्याला चार दिवस झाले. मैना घरात आहे आणि मोटार एकदाही उचकलेली नाही. बाजारातली ती म्हातारी काल आपणहून येऊन बसली. आई अजूनही रोज सकाळी ओट्यावर येऊन आवाज ऐकते, तेवढंच.

एक कोडं मात्र सुटत नाही. मधे बंद झालेलं दंव परत पडायला लागलं आहे. बॉनेट सकाळी ओलं असतं, दिव्याखाली तांबडा डागही दिसतो. तो गंज असावा. पण उचकी नाही, तेव्हा मी काही मनावर घेत नाही.

शिमग्याला नक्की या.

मुरारी


पोलादपूर,
ता. ६ मार्च १९३५

ती. भाऊजींना मैनाचा वाकून नमस्कार.

तुमचं ऐकलं. तांब्याऐवजी फुलपात्र घेत होते.

काल उजाडायच्या आत पाणी सोडत होते. पदराने पुसायला लागले तर मागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर सासूबाई. हातात कंदील, पण वात खाली केलेली. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. फुलपात्र हातातून पडलं. त्या पुढे आल्या. बॉनेटवरून हात फिरवला, ओला हात बघितला, दिव्याखालचं कुंकू वाकून बघितलं. मग आत गेल्या.

थोड्या वेळाने हे उठले. हँडल मारलं. सासूबाई रोजच्यासारख्या ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. मी दाराआड. मोटार चालू झाली, एक ठोका चुकला नाही. काल महाबळेश्वरची फेरी होती, गाडी घाटाच्या रस्त्याला लागली. आवाज ऐकू येईनासा झाला तरी त्या उभ्याच होत्या.

मी चुलीपाशी जाऊन बसले. आता सगळं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "बोलू नको गो. सांगितलं की जातं." मला वाटत होतं ही रीत फक्त आमच्या बिरवाडीची. त्यांनी वरच्या फळीवरचा मोठा तांब्या काढला, चिंच लावून लख्ख घासला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "उद्यापासून हा घे. त्या येवढ्याश्या पाण्यानं तिचं कपाळ तरी भिजतं काय?"

म्हणून भाऊजी, लहान तांब्याचं तुमचं ऐकता येणार नाही. वायरी टिकतील ना तेवढं कळवा.

दुपारी मी एकच ताट वाढलं, माझं. त्या जेवणार नाहीत हे माहीत होतं. त्यांनी ताटाकडे बघितलं, उठून दुसरं ताट घेतलं आणि माझ्याजवळ पाट ओढला. मोटार तेव्हा घाटात होती आणि सासूबाई माझ्या शेजारी बसून जेवल्या.

मैना